सहा पेडलं, चार पट्ट्या: घरच्या घरी लाकडी पेडलबोर्ड

जत्रेच्या कार्यक्रमाआधी गिटारवाल्याला रंगमंचावर जेमतेम दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात सहा पेडलं जमिनीवर मांडायची, सात केबली जोडायच्या, अडॅप्टरसाठी प्लग शोधायचा. आणि एवढं करून आवाज आलाच नाही, तर कुठली पिन सैल आहे ते काळोखात चाचपत बसायचं. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या प्रांगणात मी कितीतरी वर्षं हेच करत होतो. मग एका उन्हाळ्यात वाड्यावरच्या मेस्तकडून, म्हणजे सुताराकडून, फणसाच्या चार पट्ट्या घेतल्या आणि बोर्ड बनवला. आता केबली जोडलेल्याच असतात. बोर्ड ठेवला, एक प्लग लावला, गिटार आणि अँप्लिफायर जोडला की झालं.

ज्यांना हे जग नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज अँप्लिफायरकडे जाताना वाटेत धातूच्या छोट्या डब्यांतून जातो. प्रत्येक डबा त्या आवाजाचं काहीतरी करतो: कोणी तो खरखरीत करतो, कोणी त्याचे पडसाद उमटवतो, कोणी त्याला पाण्यासारखं हेलकावतो. पायाने दाबून चालू-बंद करायचे म्हणून ते पेडल. मेस्ट्रो कंपनीचं, आवाज खरखरीत करणारं फझ-टोन १९६२ साली आलं, तेव्हापासून ही डब्यांची जमात वाढतेच आहे. हे डबे ज्या फळीवर कायमचे बसवतात ती फळी म्हणजे पेडलबोर्ड. बाजारात तयार मिळतो, पण आपल्या पेडलांच्या मापाचा मिळेलच असं नाही. आणि करवत, ड्रिल नि गुण्या वापरता येणाऱ्या माणसाला तो दोन सुट्ट्यांच्या दिवसांत घरी जमतो.

लाकूडकाम हा यातला सोपा भाग आहे. बोर्ड फसतो तो बहुतेक वेळा विजेमुळे आणि मांडणीमुळे. म्हणून करवत शेवटी हातात घ्यायची.

आधी पुठ्ठा

टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि ६० बाय ३२ सें.मी. कापा. त्यावर पेडलं मांडा. बॉस कंपनीने १९७७ साली ओडी-१ हे ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज थोडा खरखरीत करणारं, पेडल काढलं. त्या घडणीचे डबे आजही तसेच बनतात: रुंदी सुमारे ७३ मि.मी., लांबी १२९ मि.मी. बोर्डाचा हिशोब करायला हे माप धरलं तर सहसा चूक होत नाही. मात्र नवशिके एक गोष्ट विसरतात. दोन पेडलांच्या मध्ये दोन प्लग समोरासमोर येतात, आणि काटकोनी चपटे प्लग घेतले तरी तिथे साडेतीन-चार सें.मी. जागा लागते. ६० सें.मी.मध्ये एका ओळीत पाच पेडलं बसतात, पण अगदी जेमतेम. पुढे चार आणि मागे दोन ठेवली तर पायालाही जागा राहते आणि पुढेमागे एखादं नवीन पेडल आलं तर त्यालाही.

बहुतेक पेडलांत आवाज उजव्या बाजूने आत शिरतो आणि डाव्या बाजूने बाहेर पडतो. म्हणजे साखळीतलं पहिलं पेडल उजव्या टोकाला येतं. डावीकडून उजवीकडे वाचायची आपली सवय इथे आड येते, आणि पुठ्ठ्यावर प्रत्येकजण एकदा तरी उलटी रांग लावतोच.

आता क्रम. गिटारनंतर तारा सुरात लावायला ट्यूनर, मग वाह (सुराला ‘वाऽह’ असं उघडबंद करणारं) किंवा कॉम्प्रेसर (लहानमोठा आवाज सारखा करणारं), मग ओव्हरड्राइव्ह आणि त्याहून खरखरीत डिस्टॉर्शन, त्यानंतर कोरस, फेजर यांसारखी हेलकावणारी पेडलं, मग पडसाद उमटवणारं डिले आणि सर्वांत शेवटी आवाज घुमवणारं रिव्हर्ब. हा काही नियम नाही, पण त्यामागे कारण आहे. देवळाच्या सभामंडपात आवाज घुमतो, तो गायकाच्या गळ्यातून सूर पूर्ण तयार होऊन बाहेर पडल्यावर. आधी सूर, मग त्याभोवतीची जागा. डिस्टॉर्शन सुराचा पोत बदलतं, डिले आणि रिव्हर्ब त्याला जागा देतात. क्रम उलटा केला, तर डिलेने उमटवलेले हलके पडसादही डिस्टॉर्शनमध्ये जाऊन मूळ सुराएवढे मोठे होतात आणि सगळ्याचा काला होतो. काहींना तो काला मुद्दाम हवा असतो, त्यांनी खुशाल करावा. पण निवड जाणूनबुजून केलेली असावी.

पुठ्ठ्यावर मांडून झालं की वाजवताना घालता तीच चप्पल किंवा बूट घालून उभे राहा, गिटार गळ्यात अडकवा आणि प्रत्येक पेडल दाबून बघा. मागच्या ओळीपर्यंत पाय नेताना पुढच्या पेडलाचं बटण फिरतंय का? फिरत असेल तर मागची ओळ तीनेक सें.मी. उंच करावी लागेल. दोन-तीन दिवस त्या पुठ्ठ्यावरच सराव करा. कागदावर आखून हे कळत नाही, पायालाच कळतं.

वीज

अडॅप्टर हातात घेतल्यावर तीन गोष्टी वाचायच्या: व्होल्ट, मिलीअँपिअर आणि ध्रुव.

व्होल्ट म्हणजे पाण्याची टाकी किती उंचावर आहे. मिलीअँपिअर म्हणजे नळ किती पाणी ओढतो. टाकीची उंची पेडलाने मागितली तेवढीच हवी, आणि बहुतेक पेडलं ९ व्होल्ट मागतात. टाकीत पाणी मात्र गरजेपेक्षा जास्त असलं तरी बिघडत नाही, कारण पेडल आपल्याला लागेल तेवढंच ओढतं. साधं ओव्हरड्राइव्ह १० मिलीअँपिअरच्या आसपास घेतं. डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब ६० ते १०० घेऊ शकतं, आणि मोठी डिजिटल पेडलं ३०० किंवा त्याच्याही वर जातात. प्रत्येक पेडलाच्या मागे किंवा माहितीपत्रकात हा आकडा असतो. सगळे आकडे लिहून बेरीज करा आणि तिच्या दीडपट क्षमतेचा अडॅप्टर घ्या.

तिसरी गोष्ट ध्रुव. गिटारच्या पेडलांमध्ये पिनच्या मधल्या भोकात ऋण आणि बाहेरच्या बाजूला धन, अशी रीत आहे. घरातल्या राउटरच्या, सेट टॉप बॉक्सच्या अडॅप्टरमध्ये बहुधा याच्या उलट असतं. पिन मात्र तंतोतंत बसते, आणि घात होतो तो तिथेच. माझं एक डिस्टॉर्शन पेडल मी असंच गमावलं. राउटरचा अडॅप्टर, १२ व्होल्ट, मध्ये धन. दिवा लागलाच नाही, जळका वास तेवढा आला. अडॅप्टरवर गोल-कंस-गोल असं एक छोटं चित्र असतं. मधल्या ठिपक्याशी वजाचं चिन्ह असेल तरच तो पेडलाला लावायचा.

मग प्रश्न येतो एका अडॅप्टरवर सगळी पेडलं चालवायची का. एका वायरीला पाच-सहा पिनांचे फाटे फुटलेले असतात, तिला डेझी चेन म्हणतात. स्वस्त आहे, आणि सगळी पेडलं साधी ॲनालॉग असली तर चालूनही जाते. पण त्यात एखादं डिजिटल पेडल आलं की त्याच्या आतल्या घड्याळाची बारीक शिट्टी सामाईक वायरीतून शेजारच्या पेडलात शिरते, आणि डिस्टॉर्शन तिला शंभरपट मोठी करून ऐकवतं. यावर उपाय म्हणजे आयसोलेटेड पॉवर सप्लाय. त्यात प्रत्येक पेडलाची वीज आतून स्वतंत्र केलेली असते. महाग आहे, तरी बोर्डावर कुठे पैसे घालायचेच असतील तर मी इथेच घालीन. लाकूड जुनं चालतं, वीज जुगाडाची चालत नाही.

आवाज कुठून येतोय हे ओळखायची एक सोपी रीत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिची घूं ५० किंवा १०० हर्ट्झवर ऐकू येते. गिटारची सर्वांत जाड तार तिसऱ्या पट्टीवर (फ्रेटवर) दाबली की ९८ हर्ट्झचा ‘जी’ (G) हा सूर निघतो. ऐकू येणारी घूं या सुराच्या जवळ जात असेल तर ती विजेची किंवा अर्थिंगची आहे. त्याहून वर, शिट्टीसारखं किणकिणत असेल तर डिजिटल पेडलाकडे बघा. खात्री करायची तर डिस्टॉर्शन पेडल अडॅप्टरवरून काढून बॅटरीवर लावा. आवाज गेला, तर दोष सामाईक विजेचा होता. वाह पेडलात तारेचं एक वेटोळं असतं, आणि जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र ते पकडतं. म्हणून पॉवर सप्लाय वाहच्या खाली बसवू नये.

बॅटरीवर वाजवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की इनपुटमध्ये केबल घातली की पेडल चालू होतं, पायाने बंद केलेलं असलं तरी. वाजवून झालं की केबल काढा. आणि पावसाळ्यात पेडल कपाटात जाणार असेल तर बॅटरीही काढा, नाहीतर ती गळते आणि आतलं सगळं हिरवं होतं.

विजेचा विषय निघालाच आहे तर जत्रेच्या मांडवाबद्दल बोललंच पाहिजे. गिटारच्या तारा केबलीतून अँप्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात. माइकची जाळी साउंडवाल्याच्या मिक्सरच्या अर्थला. अँप्लिफायरच्या प्लगला अर्थ नसेल, किंवा तो जनरेटरवर आणि मिक्सर दुसरीकडे असेल, तर या दोहोंत व्होल्टेजचा फरक पडू शकतो. हात तारेवर आणि ओठ माइकला लागले की तो फरक माणसाच्या अंगातून वाहतो. वाजवण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून माइकची जाळी आणि तार यांच्यातला व्होल्टेज बघा. दोन-चार व्होल्टच्या वर काही दिसलं तर गिटार खाली ठेवा आणि साउंडवाल्याला बोलवा. बोर्ड आणि अँप्लिफायर एकाच एक्स्टेन्शनवर घ्या, त्यात अर्थची तिसरी पिन असू द्या आणि मागे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच. घूं घालवण्यासाठी तिसरी पिन काढून टाकणारे मी पाहिले आहेत. कुठल्याही आवाजासाठी हे करू नका.

केबलींबद्दलही एक छोटा मुद्दा आहे. काही पेडलं बंद असताना आवाज आतल्या सर्किटला न शिवता सरळ पलीकडे जातो, त्याला ट्रू बायपास म्हणतात. ऐकायला हे उत्तम वाटतं. पण साध्या केबलीत दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. सगळीच पेडलं ट्रू बायपासची असतील तर गिटारच्या नाजूक पिकअपला (तारांचं कंपन पकडणाऱ्या वेटोळ्याला) दहा-बारा मीटर केबल एकट्याने ओढावी लागते, आणि वरचे टिपेचे सूर वाटेतच मरतात. साखळीच्या सुरुवातीला एक बफर, म्हणजे सिग्नलला बळ देणारं छोटं सर्किट, असलेलं पेडल ठेवलं की हा त्रास जातो. बऱ्याच ट्यूनर पेडलांत तो असतोच. जर्मेनियमच्या जुन्या धाटणीच्या फझला मात्र आधी बफर आलेला सोसत नाही, त्याला ट्यूनरच्याही आधी बसवा.

आता लाकूड

मेस्तनी फळीवर नखाने रेषा ओढून दाखवली होती. “लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलतं. पावसात फुगणार, मार्चात आकसणार. तू त्याला जागा दे.” गोव्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की चतुर्थीला घुमट या मातीच्या वाद्याचं चामडं ढिलं पडतं, दारं चौकटीत अडकतात. एक सलग रुंद फळी घेतली तर ती बाक धरणारच. अरुंद पट्ट्या घेऊन मध्ये फटी सोडल्या तर प्रत्येक पट्टी आपापल्या जागी फुगते आणि आकसते, चौकट हलत नाही. त्याच फटींतून केबली खाली जातात. मेस्तचं आणि गिटारवाल्याचं काम एकाच फटीने होतं.

लाकूड कोणतं? सागवान सर्वांत निश्चिंत, पण महाग. फणस आपल्याकडे भरपूर. कापल्यावर पिवळाधमक दिसतो आणि वर्षागणिक तपकिरी होत जातो, मला तो फार आवडतो. सगळ्यांत चांगलं म्हणजे जुन्या घराच्या माळ्यावर पडलेली दाराची किंवा पलंगाची फळी, कारण ती पन्नास पावसाळे पाहून मुरलेली असते. ती घेताना ठोकून बघा, वाळवी आहे का, भोकांतून पिठासारखा भुसा पडतोय का. जुने खिळे काढल्याशिवाय रंध्याला लावू नका. प्लायवूडच घ्यायचं असेल तर १२ मि.मी.चं, आयएस ७१० शिक्क्याचं बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं, घ्या. एमडीएफ आणि भुशाचे दाबलेले बोर्ड गोव्यात नकोतच. एकदा पाणी प्यायले की ते फुगतात आणि पुन्हा मूळ मापावर येत नाहीत.

माझी मापं अशी: चार पट्ट्या, प्रत्येकी ६० सें.मी. लांब, ६ सें.मी. रुंद, १८ मि.मी. जाड. खोली ३२ सें.मी. धरली तर चार पट्ट्यांचे २४ सें.मी. जाऊन ८ उरतात, म्हणजे तीन फटी, प्रत्येकी २६-२७ मि.मी. दोन पट्ट्या आणि मधली फट मिळून साडेचौदा सें.मी.च्या थोडं वर होतात, आणि १२९ मि.मी.चं पेडल त्यावर नीट बसतं. पुढच्या दोन पट्ट्यांवर एक ओळ, मागच्या दोनांवर दुसरी.

बाजूचे दोन आधार तिरके हवेत: पुढे ३ सें.मी. उंच, मागे ९. त्यातून साधारण अकरा अंशांचा उतार मिळतो, तो घोट्याला सोसतो आणि मागच्या बाजूला पॉवर सप्लाय मावतो. हे आधार दोन वेगळ्या फळ्यांतून कापू नका. ३२ सें.मी. लांब आणि १२ सें.मी. रुंद एकच फळी घ्या. एका टोकाला वरून ३ सें.मी.वर खूण करा, दुसऱ्या टोकाला वरून ९ वर, आणि खुणा जोडून करवत चालवा. एका छेदात दोन जुळे आधार मिळतात. करवतीच्या जाडीएवढी मापं कमी होतील, ती दोन्ही तुकड्यांत सारखीच.

पट्ट्या आधारांवर ठेवून प्रत्येक टोकाला दोन स्क्रू. त्याआधी बारीक भोक पाडायलाच हवं, नाहीतर पट्टीचं टोक फाटतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे घ्या. साधे लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजतात आणि लाकडावर काळे डाग उमटवतात. पितळ मऊ असतं, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करायची, तो काढायचा आणि मग पितळी बसवायचा. मेस्तनी हे करून दाखवलं नसतं तर माझ्या अर्ध्या स्क्रूंची डोकी तुटली असती. सांध्याला वॉटरप्रूफ फेविकॉल लावला तर उत्तम. सहा पेडलांसह सगळं मिळून पाच-साडेपाच किलो होतं.

काचपेपर ८०, मग १२०, मग २२० नंबरचा. पॉलिशसाठी चपडा देखणा दिसतो, पण त्यावर पाण्याचे पांढरे डाग पडतात. बोर्डाला पॉलियुरेथेनचे दोन-तीन पातळ हात पुरेत. खालची बाजू आणि पट्ट्यांची कापलेली टोकं सोडू नका. लाकूड सर्वांत जास्त दमटपणा टोकांतून पितं, आणि एकाच बाजूला पॉलिश केलेली पट्टी हमखास वाकते. हे काम नोव्हेंबर ते एप्रिल या काळातच करा.

पेडलं चिकटवायला वेल्क्रो. काट्यांची बाजू पेडलाच्या तळाला, मऊ बाजू बोर्डाला. पॉलिश कोरडं वाटलं तरी आत ओलं असतं. मी तिसऱ्याच दिवशी वेल्क्रो लावला आणि पहिल्याच कार्यक्रमात डिले पेडल वेल्क्रोसकट सुटून हातात आलं. आठवडाभर थांबा, जागा स्पिरिटने पुसा, वेल्क्रो दाबून बसवा आणि एक दिवस पेडल लावू नका. मे महिन्यात बोर्ड गाडीच्या डिकीत ठेवला तर डिंक पातळ होतो, म्हणून जड पेडलांना फटींतून केबल टायही ओढून घ्या. पट्ट्या असल्याचा हा आणखी एक फायदा.

पावसाळाभर बोर्ड पिशवीत बंद करून ठेवू नका, बुरशी येते. उघड्यावर ठेवा आणि वर सुती कापड टाका. कार्तिकात जत्रा सुरू होण्याआधी मी एक दुपार त्याला देतो. प्रत्येक प्लग काढून काँटॅक्ट क्लीनर मारायचा, चार-पाच वेळा आत-बाहेर करायचा, आणि स्क्रू हाताने आवळायचे, यंत्राने नाही. मग बोर्ड उलटा करून पट्टीच्या खाली पेन्सिलीने तारीख लिहितो. तिथे आता सहा तारखा झाल्या आहेत, आणि पहिल्या तारखेभोवतीचं पिवळं लाकूड चांगलंच तांबूस होत आलं आहे.